बिननंबरी कॅन

"स्विचला हात लावायचा नाही," आवटी सर म्हणाले. "आधी तीन दिवस डॉकवर उभी राहा आणि कॅन उतरवताना बघ."

मला राग आला. पॉलिटेक्निकमधून पहिली आलेली मी, तालुका दूध संघाच्या डेअरीत नेटवर्क सांभाळायला लागलेली, आणि पहिल्याच आठवड्यात हा माणूस मला दुधाचे कॅन बघायला पाठवत होता. पण बोलायची सोय नव्हती. मुलाखतीत एमडी साहेब माझ्यासमोरच म्हणाले होते, "बघूया एक मुलगी ठेवून. नाही जमलं तर परत मुलगी नको." तेव्हा नाक मुठीत धरून मी सकाळी सात वाजता डॉकवर जाऊन उभी राहिले.

दिनकर आवटी आमच्या विभागाचे प्रमुख. वायरमन म्हणून लागले, आणि संघात कॉम्प्युटर आले तसे पन्नाशीला टेकल्यावर स्वतःच पुस्तकं आणून नेटवर्क शिकले. तिसऱ्या दिवशी ते चहाचा ग्लास घेऊन डॉकवर आले.

"काय बघितलंस?"

"कॅन बघितले, सर."

"या ट्रकमध्ये गावं किती?"

"अकरा."

"मग अकरा ट्रक का नाही आले?"

"कशाला लागतील? प्रत्येक कॅनच्या गळ्यावर गावाचा नंबर आहे. इथं नंबर बघून वेगळे करतात."

"यालाच ट्रंक म्हणतात," ते म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

मग त्यांनी समजावलं. आमच्याकडे चार खाती होती. ऑफिसचे कॉम्प्युटर दहा नंबर, वजनकाटे वीस, कॉम्प्रेसर हाउसचा गॅस अलार्म तीस, कॅमेरे चाळीस. चौघांना चार केबली ओढायच्या नाहीत, एकीवरूनच सगळं पाठवायचं. निघताना अलीकडचा स्विच, म्हणजे केबली जोडायचा डबा, माहितीच्या प्रत्येक पाकिटावर खात्याचा नंबर डकवतो. तोच टॅग. पलीकडचा स्विच नंबर वाचतो, काढून टाकतो आणि पाकीट ज्या त्या यंत्राला देतो. "बाईनं धार काढली तेव्हा दुधाला नंबर नव्हता," सर म्हणाले, "आणि टाकीत पडलं तेव्हाही नाही. नंबर फक्त वाटेपुरता." परीक्षेत याची व्याख्या मी जशीच्या तशी लिहिली होती. समजली ती त्या दिवशी.

तेवढ्यात एका ट्रकमधून पाच कॅन उतरले, त्यांचे गळे कोरे. तुकाराम हमालानं ते न बघताच उजवीकडच्या ढिगात नेऊन ठेवले.

"यांच्यावर नंबर कुठंय?" मी विचारलं.

"बिननंबरी बोरपाडीचं आस्तंय," तुकाराम म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगाय कशाला पायजे. पहिल्यापासनं तसंच हाय. बोरपाडी रूटवरचं पहिलं गाव, ते कुठं रंगवत बसतंय."

सर माझ्याकडे बघत होते. "एका ट्रकमध्ये एका गावाला नंबर नसला तरी चालतं. एकाच. स्विचच्या भाषेत त्याला नेटिव्ह म्हणतात. अट एवढीच, की भरणाऱ्याचं आणि उतरवणाऱ्याचं बिननंबरी गाव एकच पाहिजे."

"आणि वेगवेगळं असलं तर?"

"तर काही दिसत नाही. नंबरवाले कॅन बिनबोभाट आपापल्या जागी जातात. ट्रक वेळेवर येतो. बिननंबरी तेवढे गपचूप दुसऱ्याच्या ढिगात जाऊन पडतात, आणि ज्याचे असतात तो वाट बघत बसतो."

मी ते वहीत लिहून घेतलं, त्याखाली दोन रेघाही मारल्या.

माझं टेबल कंट्रोल रूममध्ये होतं, शालनताईंच्या डेस्कला लागून. शालन कांबळे कॉम्प्रेसर हाउसच्या अलार्मवर बसायच्या. दूध थंड करायच्या यंत्रात अमोनिया असतो. तो कधी गळला तर भिंतीवरच्या सेन्सरला कळतं, ताईंच्या पडद्यावर लाल दिवा लागून घंटा वाजते, आणि ताईंनी भोंग्याचं बटण दाबायचं. भोंगा झाला की सगळ्यांनी बाहेर पळायचं. शिवाय दर अर्ध्या तासानं हवेतल्या गॅसचा आकडा रजिस्टरला लिहायचा. ताईंचे मालक याच कॉम्प्रेसरवर होते, ते वारल्यावर ताई लागल्या. त्यांना हे काम शिकवलं इस्माईल मुल्लांनी, मालकांच्या जोडीदार फिटरनं. ते त्यांना सख्ख्या बहिणीसारखं ताई म्हणायचे आणि दर ईदला शीरखुर्म्याचा डबा आणून डेस्कवर ठेवायचे.

मला ताई 'पोरी' म्हणायच्या. दुपारी डबा उघडला की न विचारता अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवायच्या. "खा पोरी. तुझ्या त्या डब्यांच्या दिव्यांनी काय पोट भरत न्हाई." स्विचना त्या दिव्यांचे डबे म्हणायच्या. मी एकदा त्यांना टॅग समजावून सांगितला, तेव्हा मन लावून ऐकून म्हणाल्या, "म्हंजी तू पोस्टमन हायस."

सात महिने असे बरे गेले. मग कंट्रोल रूममधला स्विच जळला.

तो सोमवार होता. आवटी सर मुलीच्या बाळंतपणासाठी आठ दिवसांच्या रजेवर बडोद्याला गेले होते. कपाटात नवा स्विच होता आणि सरांच्या हातचा, सगळ्या खात्यांचे नंबर लिहिलेला कागद होता. फोन करून विचारता आलं असतं. पण मला दाखवायचं होतं की मला येतं. कागदावरचा प्रत्येक नंबर मी दोनदा ताडून घातला. दीड तासात सगळं चालू. ऑफिसला इंटरनेट आलं, काटे बोलू लागले, कॅमेऱ्यांची चित्रं स्वच्छ दिसली. एमडी साहेब दारातून डोकावून "वा" म्हणाले. त्या एका शब्दावर मी दिवसभर तरंगत होते.

माझ्या लॅपटॉपवर दर मिनिटाला एक ओळ येत होती. दोन टोकांचा नेटिव्ह जुळत नाही, अशा अर्थाची. लाल नव्हती, पिवळी होती. सगळं चालतंय तर असेल काहीतरी बारीकसारीक, सर आल्यावर बघू, म्हणून मी ती खिडकी बंद केली.

गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास कॉम्प्रेसर हाउसमध्ये एका व्हॉल्व्हचं पॅकिंग सुटलं. इस्माईलभाई शिडीवर होते. गॅसचा झोत तोंडावर आला, ते खाली पडले ते कॉम्प्रेसरच्या मागं. यंत्रांच्या आवाजात त्यांची हाक कुणाला ऐकू गेली नाही. भोंगा वाजलाच नाही. नऊ मिनिटांनी दुसरा फिटर पाना आणायला आत गेला, तेव्हा ते सापडले.

आमच्या खोलीत आरडाओरडा पोचला तेव्हा शालनताई रजिस्टर लिहीत होत्या. साडेअकराची नोंद त्यांच्या अक्षरात आजही तिथं असेल. आकडा चार. शेरा, ठीक.

संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी सांगितलं, माणूस वाचेल, पण उजवा डोळा गेला, आणि घसा असा भाजलाय की आवाज कधी येईल सांगता येत नाही. संघभर एकच प्रश्न होता. बाई डेस्कवर बसून काय करत होती?

"दिवा लागलाच न्हाई," ताई सांगत होत्या. एमडींना, फिटरना, रखवालदाराला, सगळ्यांना तेच. "घंटा वाजली न्हाई, दिवा लागला न्हाई. मी पडद्याफुडंच हुते."

एमडींनी मला बोलावलं. "तू लाईन तपासलीस का?"

"तपासली सर. लाईन चालू आहे. कॉम्प्रेसर हाउसचा कॅमेरा त्याच केबलवर आहे, त्याचं चित्र त्या वेळीही येत होतं."

"लिहून दे."

मी लिहून दिलं. 'अपघाताच्या वेळी कॉम्प्रेसर हाउसची लाईन सुरळीत चालू होती.' खाली सही केली. खोटं लिहितेय असं मला मुळीच वाटत नव्हतं. ताईंचा डोळा लागला असेल, माणूस आहे, असं मी मनाशी म्हटलं आणि मला त्यांची कीवही आली. शुक्रवारी ताईंना घरी बसवण्यात आलं. पुढच्या शुक्रवारी चौकशी, आणि ती केवळ नावाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कॉम्प्रेसर बंद, दूध शेजारच्या डेअरीकडं वळवलेलं. डेअरी सुनी पडली होती.

मंगळवारी सकाळी आवटी सर रजेवरून आले ते थेट कंट्रोल रूममध्ये. कोणाशी न बोलता त्यांनी ताईंचं रजिस्टर उघडलं आणि बोटानं एकेक ओळ वाचत मागं मागं गेले.

"गुरुवार, चार. बुधवार, चार. मंगळवार रात्रपाळी, चार. तीन पाळ्यांची तीन माणसं, सगळ्यांचं चार. एरवी बघ, तीन, पाच, दोन, चार. सोमवार दुपारपासनं हवा थिजली काय?" ते माझ्याकडे वळले. "सोमवारी तू काय केलंस?"

मी सांगितलं.

"आणि गुरुवारी लाईन कशी तपासलीस?"

"कॅमेरा दिसत होता, सर."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग हळूच म्हणाले, "कॅमेऱ्याचे कॅन नंबराचे. अलार्मचे?"

तेव्हा सगळं उलगडलं. ती केबल पहिल्यांदा टाकली तेव्हा तिच्यावरून फक्त अलार्म जायचा, नंबराची गरजच नव्हती. कॅमेरे मागून आले, त्यांना नंबर मिळाला. अलार्म तसाच बिननंबरी राहिला. बिननंबरी म्हणजे तीस, हे सरांनी दोन्ही टोकांना स्विचमध्ये घातलं होतं. कागदावर मात्र नव्हतं, ते त्यांच्या डोक्यात होतं. माझा नवा स्विच कारखान्यातून आला तसाच होता, त्याच्या लेखी बिननंबरी म्हणजे एक. सोमवार दुपारपासून सेन्सरचा प्रत्येक निरोप केबलवरून नीट येत होता आणि जिथं कुणीच बसलेलं नाही अशा खात्यात जाऊन पडत होता. आणि ताईंच्या पडद्यावरचं ते जुनं सॉफ्टवेअर, नवा आकडा आला नाही तर शेवटचाच दाखवत राहायचं. चार. ठीक.

माझा हात कीबोर्डकडे गेला. बिननंबरी म्हणजे तीस, एवढी एक ओळ टाकायची होती.

"स्विचला हात लावायचा नाही," सर म्हणाले. "कॉम्प्रेसर बंद आहेत, कुणाला धोका नाही. ही चूक आता शालनचा पुरावा आहे. तू दुरुस्त केलीस की तिचं खरं कायमचं पुसलं जाईल."

मी रडायला लागले. सरांनी रडू दिलं.

"निम्मी चूक माझी," ते म्हणाले. "तुकारामासारखी गोष्ट डोक्यात ठेवली. मी शुक्रवारी समितीपुढं सांगणार आहे. पण निवेदनावर सही तुझी आहे. तू आधी उठून सांगितलंस तर तुझं तू सांगितलंस असं होईल. तीन दिवस आहेत, मनाची तयारी कर."

त्यात त्यांची माया होती, हे मला तेव्हाही कळत होतं. चौकशी शुक्रवारीच आहे, तीन दिवसांनी काय फरक पडतो, असं आम्हा दोघांनाही वाटलं. मी ते तीन दिवस स्वतःच्याच काळजीत घालवले. नोकरी जाईल, पोलीस येतील, परत मुलगी नको म्हणतील. ताईंचं घर डेअरीपासून चालत दहा मिनिटांवर होतं. मी गेले नाही.

शुक्रवारी समिती बसली. एमडी, दोन संचालक. ताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर, डोक्यावर पदर, आठ दिवसांत निम्म्या झालेल्या. एमडींनी माझं निवेदन वाचायला घेतलं, तेव्हा मी उभी राहिले.

"सर, ते चुकीचं आहे. लाईन चालू होती, पण अलार्म पोचत नव्हता. माझ्या चुकीमुळं. दाखवते."

सगळे कंट्रोल रूममध्ये आले. सरांनी ताईंना त्यांच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः कॉम्प्रेसर हाउसमध्ये गेले. अमोनियात भिजवलेली चिंधी त्यांनी सेन्सरजवळ धरली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आम्हाला दिसलं, भिंतीवरच्या सेन्सरचा दिवा लाल झाला. शेजारी ताईंच्या पडद्यावर आकडा होता चार.

मी समितीसमोर ती एक ओळ टाकली.

आकडा चारवरून एकदम एकशे दहावर गेला. लाल दिवा लागला, घंटा वाजली, आणि ताईंचा हात आपोआप उठून भोंग्याच्या बटणावर पडला. भोंगा सुरू झाला. सगळ्या डेअरीत माणसं बाहेर पळाली असतील. ताईंनी बटण सोडलं नाही. एका संचालकानं त्यांचा हात धरून हळूच बाजूला केला, तरी त्या पडद्याकडंच बघत होत्या.

त्याच दुपारी ताईंना कामावर परत घेतल्याचा कागद निघाला. मला लेखी ताकीद मिळाली आणि सरांनाही. नोकरी राहिली. खरं बोलले आणि निभावलं, या विचारानं मला हलकं वाटत होतं, हेही सांगून टाकते. बाहेर पायऱ्यांवर ताई एकट्या बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या मला जवळ घेतील, असं मला वाटलं होतं.

"ताई, मला माफ करा."

"मला वाटाय लागलं हुतं," त्या समोर बघत म्हणाल्या, "दिवा लागला आसंल, घंटा बी वाजली आसंल, आन् मलाच कळलं नसंल. सगळी शिकलीसवरली माणसं सांगाय लागली की लाईन चालू हुती. तू लिवून दिलंस म्हणं. तू कशाला खोटं लिवशील? म्हणलं डोळा लागला आसंल माझा." मग त्यांनी विचारलं, "तुला कवा कळलं?"

"मंगळवारी."

"सकाळी का सांजच्याला?"

"सकाळी."

त्यांनी मान हलवली. "मी बुधवारी दवाखान्यात गेलते. इस्माईलभाईंच्या हमिदाच्या पाया पडले. म्हणलं, माझ्या हातनं झालं, मी कबूल करतीया, मला काय बी बोल. ती बोलली न्हाई, नुसती भिंतीकडं तोंड करून बसली. इस्माईलभाई जागं हुतं. डोळ्यावर पट्टी. माझा आवाज ऐकून नुसता हात हलवत ऱ्हायलं. जा म्हणत आसतील. मी आले निघून."

मंगळवार आणि शुक्रवार यांच्यामध्ये बुधवार असतो, हे मला त्या पायरीवर बसून कळलं.

"मी जाऊन सांगते त्यांना," मी म्हटलं. "आत्ता जाते."

ताई उठल्या. पदर सारखा केला. "जावा की," त्या म्हणाल्या. "सांगा जाऊन, मॅडम."

मी तशीच जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. इस्माईलभाईंच्या कॉटशेजारी हमिदाभाभी होत्या. त्या दोघांच्या समोर मी सगळं सांगितलं, स्विच, कागद, ती पिवळी ओळ, माझी सही आणि मंगळवारसुद्धा. भाभींनी ऐकून घेतलं आणि उठून व्हरांड्यात गेल्या. इस्माईलभाईंनी चाचपडत उशाजवळची वही घेतली. आवाज अजून फुटत नव्हता, ते लिहून बोलायचे. पट्टीखाली डोळे बंद असल्यानं अक्षरं एकमेकांवर चढत होती. मी दोनदा वाचली तेव्हा लागली.

'ताई झोपत नसते. मला माहीत होतं. बुधवारी तेच सांगत होतो, हात हलवून. तुम्ही नाही, तुम्ही नाही.'

तो कागद मी मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या डेस्कवर ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवला आणि रजिस्टर पुढं ओढलं. आठ वाजले होते. आकडा तीन होता.

त्यानंतर सहा वर्षं, त्या निवृत्त होईपर्यंत, आम्ही त्याच खोलीत शेजारी बसलो. आवटी सर निवृत्त झाल्यावर विभाग माझ्याकडे आला. नव्या माणसाला मी आजही आधी डॉकवर उभं करते, आणि आमच्या एकाही केबलवर आता बिननंबरी काही जात नाही. त्या चौकशीनंतर महिन्याभरानं एका दुपारी ताईंनी डबा उघडला आणि पूर्वीसारखी अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली.

"घ्या मॅडम," त्या म्हणाल्या.

पोरी त्यांनी मला पुन्हा कधी म्हटलं नाही.